इसबगोल की सोनामुखी?

बद्धकोष्ठतेवर घरोघरी चालणारे हे दोन्ही उपाय वनस्पतिजन्य असले, तरी त्यांची कामाची रीत अगदी वेगळी आहे. इसबगोलाच्या बियांवरील फोल चमचाभर घेऊन पेलाभर पाण्यात टाकला, की थोड्याच वेळात तो फुगून बुळबुळीत होतो. आतड्यातही हेच घडते, म्हणजे मल पाणी धरून ठेवतो, मऊ होतो आणि त्याचे आकारमान वाढल्यामुळे आतडे त्याला आपसूक पुढे ढकलते. गुण यायला १२ ते ७२ तास लागतात, त्यामुळे उतावळ्या माणसाला हा उपाय पटत नाही. मात्र फोल भरपूर पाण्यासोबतच घ्यावा, अन्यथा तो घशात अडकू शकतो. इतर औषधांपासूनही त्याला साधारण दोन तास दूर ठेवावे.

सोनामुखीच्या पानांतील व शेंगांतील सेनोसाइड या रेचक द्रव्यांवर मोठ्या आतड्यातील जीवाणूंची प्रक्रिया झाली, की तयार होणारे घटक आतड्याला आकुंचन पावायला लावतात, म्हणून रात्री घेतलेली मात्रा सकाळी लागू पडते, पण अनेकदा पोटात मुरडाही येतो. प्रवासात वा आजारपणात चार-दोन दिवस ती ठीक आहे. अडचण ही, की बाजारातल्या कित्येक ‘नैसर्गिक’ चूर्णांत सोनामुखी असते आणि डब्यावरचा मजकूर न वाचता लोक ती वर्षानुवर्षे घेतात. रोजच्यासाठी माझे मत इसबगोलालाच. मलावाटे रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण घटत असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.