कपाशीच्या कुळाचे परागकण आणि साधा बायनॉक्युलर मायक्रोस्कोप: पावसाळा ते उन्हाळा वापरून

कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तसलाच हा बायनॉक्युलर. ४, १०, ४० आणि १०० एक्सची ऑब्जेक्टिव्ह, १० एक्सचे आयपीस, एलईडी दिवा आणि आत रिचार्जेबल बॅटरी. सोबत घरी केलेली फ्युक्सिन (गुलाबी रंग) घातलेली ग्लिसरीन जेली आणि एक स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापपट्टी कोरलेली काच. परागकण पाहायचं काम एकाच कुळावर, म्हणजे माल्व्हेसीवर: कपाशी, भेंडी, अंबाडी, जास्वंद, पेटारी, आणि सातपुड्याच्या बाजूला मुरडशेंग, कांडोळ, सावर. शेवटच्या तिघांना जुन्या पुस्तकांत वेगळी कुळं होती. १९९८ च्या एपीजी (फुलझाडांच्या नात्यांवर आधारलेल्या) वर्गीकरणापासून ती सगळी माल्व्हेसीत आली.

आधी निकाल सांगतो. या कुळासाठी १०० एक्सचं ऑइल भिंग जवळजवळ पडूनच राहतं. अडतं ते स्लाइडच्या जाडीपाशी.

कारण साधं आहे. कपाशीचा कण साधारण १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), भेंडी आणि जास्वंदीचा १५० च्या आसपास. १८ मिमी फील्डचा आयपीस असेल तर ४० एक्सखाली दिसणारं वर्तुळ ०.४५ मिमीचं असतं, म्हणजे जास्वंदीचा एकच कण त्याचा तिसरा हिस्सा व्यापतो. त्यात ४० एक्सला एका वेळी फोकसमध्ये येणारा थर जेमतेम एक मायक्रॉनचा. चेंडूसारख्या गोल कणाचा एक काप स्वच्छ दिसतो आणि बाकी सगळं धूसर. म्हणून पूर्ण आकार, काट्यांची मांडणी आणि एकूण ठेवण १० एक्सवरच चांगली कळते. ४० एक्स लागतं ते छिद्रं आणि काट्याचा पाया पाहायला.

कपाशी, भेंडी, अंबाडी, जास्वंद या गटात कण गोल, सर्वांगावर काटे, आणि छिद्रं एका रेषेत नसून पृष्ठभागभर विखुरलेली. काटे बाहेरच्या कवचाचेच, म्हणजे एक्झाइनचे. ते स्पोरोपोलेनिन या अतिशय टिकाऊ द्रव्याचं असल्यामुळे अल्कली, उष्णता, वर्षानुवर्षं पडून राहणं, सगळं सोसतं. आतलं कवच, म्हणजे इंटाइन, मऊ. छिद्रं काट्यांच्या दाटीत लपतात. नवशिक्याला दोन काट्यांमधली रिकामी जागाच छिद्र वाटते. ओळखायची युक्ती अशी: फाइन फोकस हळूहळू खाली नेत कणाच्या मध्यकापावर, म्हणजे सर्वांत रुंद कडेवर आणायचा. तिथे कवचाची रेघ जिथे तुटते ते छिद्र.

सावर अगदी वेगळी. काट्यांचं नावसुद्धा नाही. ध्रुवाकडून पाहिलं तर कण त्रिकोणी, पृष्ठभागावर जाळी, आणि तीन खाचा कोपऱ्यांवर नसून बाजूंच्या मध्यावर. जाळीचे डोळे मधोमध मोठे आणि कोपऱ्यांकडे बारीक होत जातात. परागतज्ज्ञ एर्टमनची उजेड-अंधार पद्धत इथे कामी येते: फोकस वर असताना जाळीच्या भिंती उजळ आणि डोळे काळे, जरा खाली नेलं की उलट. कंडेन्सरचा (स्टेजखालच्या भिंगाचा) डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारा पडदा, पूर्ण उघडा असेल तर हा फरक दिसतच नाही. आयपीस काढून नळीत डोकावायचं आणि उजेडाचं वर्तुळ तीन चतुर्थांश राहील एवढा डायफ्रॅम मिटायचा. अगदीच मिटला तर प्रत्येक काट्याभोवती खोटी कडी दिसू लागते. कांडोळ सावरीच्याच बाजूची, जाळी आणि तीन खाचा. मुरडशेंगेला तीन छिद्रं.

नमुना घेण्याची वेळ महत्त्वाची. कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा पांढरट-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. गुलाबी फुलातला पराग घेऊ नये. भेंडीचं फूल दुपारनंतर मिटायला लागतं. पाऊस पडून गेल्यावर पऱ्हाटीतून आणलेल्या फुलात अर्धे कण फुटलेले सापडतात, कारण हा पराग पाणी लागताच आत पाणी ओढून फुटतो. म्हणूनच स्लाइडवर पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची शाळेतली पद्धत या कुळात चालत नाही. पाण्यात मिनिटाभरात दिसतो तो कणांतून बाहेर आलेला चिकट गाळ.

चालते ती पद्धत अशी. परागकोश स्लाइडवर झटकायचे, ७० टक्के अल्कोहोलचा थेंब टाकायचा. परागावरचं तेलकट, पिवळं आवरण विरघळून थेंबाच्या कडेला कड्यासारखं जमतं. ते कापसाच्या बोळ्याने पुसायचं. हे दोनदा. मग ज्वारीच्या दाण्याएवढा जेलीचा तुकडा ठेवून स्लाइड कोमट करायची आणि कव्हरस्लिप ठेवायची. जेली उकळू देऊ नये, बुडबुडे काट्यांना चिकटून बसतात आणि सुईने निघत नाहीत.

जेलीचं माप: १० ग्रॅम जिलेटिन ३५ मिली पाण्यात दोन-तीन तास भिजवायचं, वॉटर बाथवर विरघळवायचं, ३० मिली ग्लिसरीन आणि दीड ग्रॅमच्या आत फिनॉल घालायचं. फिनॉलने कातडी भाजते, हातमोजे लागतातच. ते वगळलं तर पावसाळ्यात पंधरवड्यात बुरशी येते. बेसिक फ्युक्सिन अगदी चिमूटभर. या कुळाचं कवच जाड असल्याने रंग पटकन गडद होतो आणि मग छिद्रंच दिसत नाहीत. सावरीला मात्र थोडा जास्त रंग मानवतो.

आता जाडी. नुसती कव्हरस्लिप ठेवली की जेली आक्रसताना काच खाली ओढली जाते आणि १५० मायक्रॉनचा कण चपटा होतो. मग मोजलेला व्यास खोटा. उपाय फुकटचा आहे: फुटलेल्या कव्हरस्लिपचे दोन तुकडे दोन कडांखाली सारायचे. ०.१७ मिमीची काच म्हणजे १७० मायक्रॉन, जास्वंदीला जेमतेम पुरते. कपाशीला सहज पुरते. दुसरं, जेली थिजेपर्यंत स्लाइड दोन काड्यांवर उलटी ठेवायची, म्हणजे कण कव्हरस्लिपच्या बाजूला बसतात. सरळ ठेवली तर ते तळाशी जातात, आणि १०० एक्सच्या भिंगाला कामाचं अंतर सुमारे ०.१३ मिमीच असल्याने ते तिथवर पोचत नाही, काचेवर टेकतं. हे भिंग आमच्याकडे वापरात आलं ते फक्त सावरीच्या जाळीसाठी.

कणातला जीवद्रव्याचा भाग दाट असला की मध्यभाग काळाच दिसतो. खरा उपाय अॅसेटोलिसिस, म्हणजे रसायनाने आतला भाग काढून नुसतं कवच ठेवणं: नऊ भाग अॅसेटिक अनहायड्राइड, एक भाग तीव्र गंधकाम्ल. पण हे घरी नाही. पाण्याचा अंश राहिला तर मिश्रण उसळतं, आणि अनहायड्राइड हा अमली पदार्थ कायद्याखाली नियंत्रित पदार्थ आहे. कॉलेजात धूम्रकपाट (वाफा बाहेर ओढणारं कपाट) असेल तर तिथेच. घरी १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवलं तरी बरंच उजळतं, मात्र चष्मा आणि हातमोजे घालूनच. सेंट्रिफ्यूज लागत नाही. कण एवढे जड की कुपीत आपोआप तळाशी बसतात.

मोजमाप करताना आयपीसमधली पट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हवर वेगळी जुळवावी लागते. १० एक्सला एक घर साधारण १० मायक्रॉन, ४० एक्सला अडीच, पण नेमका आकडा आपल्या यंत्रावर स्टेज मायक्रोमीटर ठेवूनच काढायचा. व्यास काट्यांसह की काट्यांविना, हे लिहिलं नाही तर आकडा निरुपयोगी. ग्लिसरीन जेलीत कण महिन्यांनी फुगतो, त्यामुळे ताज्या आणि जुन्या स्लाइडची तुलना करू नये. दुहेरी पाकळ्यांची कलमी जास्वंद मोजमापाला घेऊच नये, कण वेडेवाकडे आणि पोकळ निघतात.

भेसळीचा ताप वेगळा. खानदेशात बांधावर गाजरगवत असतंच. त्याचा कण १५ ते २० मायक्रॉनचा, गोल आणि आखूड काट्यांचा. कपाशीच्या स्लाइडवर तो दिसला की विद्यार्थी ‘कपाशीचं पिल्लू’ म्हणून मोजतात. आकाराकडे पाहिलं की गोंधळ संपतो. ज्वारी-मक्याचा कण गुळगुळीत आणि एकाच छिद्राचा.

या यंत्राकडून जातीची ओळख मागू नये. देशी कपाशी २६ गुणसूत्रांची आणि अमेरिकन ५२ ची, तरी एका कणावरून कोणती ते ठरत नाही. कूळ आणि गट ठरतो, तेवढा खात्रीने. काट्याच्या टोकावरचं बारीक काम पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा.

यंत्राच्या तक्रारी दोनच. उन्हाळ्यात ग्रीस पातळ होऊन स्टेज आपोआप खाली सरकतं. खडबडीत फोकसच्या चाकामागची ताणाची कडी थोडी आवळली की थांबतं. आणि काळ्या मातीची धूळ रॅकमध्ये (फोकसच्या दातेरी पट्टीत) शिरते, म्हणून झाकण न विसरता. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल हवंच, नाहीतर भिंगावर बुरशी. बॅटरीचा उपयोग मात्र खराच, लोडशेडिंगमध्ये काम अडत नाही.

वैशाखात पारा ४५ कडे गेला की जेली स्लाइडवरच पातळ होते. पेटीत उभ्या ठेवलेल्या स्लाइडवरचे सगळे कण एका कडेला गोळा झालेले मिळतात. स्लाइड आडव्याच ठेवायच्या, कडा नेलपॉलिशने बंद करून, आणि पत्र्याच्या घरात असाल तर माठाशेजारच्या कोपऱ्यात.