फर्गीत 85 एमएमचं लायनर-पिस्टन किट टाकून नऊ महिने झाले, आता लिहितो

किट टाकल्या टाकल्या लिहिणार होतो पण म्हटलं थांबू, नवीन इंजिन पहिला महिना सगळ्यांचंच गोड चालतं. आता मीटरवर 140 तास झालेत, दोनदा ऑईल बदललंय, एक अख्खी थंडी गेली, म्हणून आता खरं काय ते सांगता येईल.

ट्रॅक्टर म्हणजे फर्ग्युसन टीई 20, पेट्रोलवाला, स्टँडर्ड कंपनीचं चार सिलेंडर इंजिन. बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) 85, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 92 एमएम, म्हणजे 2088 सीसी. हे ट्रॅक्टर 1946 ते 1956 मध्ये 5 लाखांच्या वर बनले म्हणून पार्ट अजून मिळतात ही मोठी कृपा. पण ऑर्डर करायच्या आधी स्वतःचं इंजिन नीट बघा, सुरुवातीच्या गाड्यांना कॉन्टिनेंटल इंजिन होतं आणि स्टँडर्डमध्येसुद्धा आधीचं 80 बोअरचं आहे. नुसतं "फर्गीचं किट द्या" म्हणून मागवलं तर घरी काय येईल सांगता येत नाही.

माझ्या इंजिनची दशा अशी होती की ब्रीदरमधून (इंजिनमधली हवा बाहेर सोडणारी नळी) रेल्वेसारखा धूर, प्लग ऑईलने ओले, चार सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) 70, 50, 65, 45 पीएसआय. आणि डिपस्टिकवर ताकावरच्या लोण्यासारखा पांढरा थर, म्हणजे पाणी ऑईलमध्ये उतरत होतं. मी आधी सगळा दोष हेड गॅस्केटला दिला, नवीन टाकलं, आठवड्यात परत तेच. मग कळलं की पाणी वरून नाही, खालून येतंय.

हे लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळ्या) वेट आहेत, म्हणजे बाहेरून थेट पाणी फिरतं. लायनर ब्लॉकमध्ये ठोकून घट्ट बसवलेला नसतो, खाली एका खोबणीवर नुसता टेकलेला असतो आणि मधे इंग्रजी आठच्या आकड्यासारखं पातळ गॅस्केट, दोन लायनरमध्ये एक. वरून हेड दाबून धरतं. एवढ्यावरच पाणी आणि ऑईल वेगळं राहतं. त्यामुळे लायनरचं टोक ब्लॉकच्या वर 3 ते 5 थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) यायलाच पाहिजे. कमी आलं तर हेड त्याला दाबत नाही, आणि शेजारचे दोन कमीजास्त असले तर गॅस्केट एका बाजूला ढिलं राहतं.

आता किटबद्दल. लायनर चांगले आहेत, आतली क्रॉस रेषांची होनिंग व्यवस्थित. पिस्टन चारही मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवले (घरात बोलणी खाल्ली), फरक नगण्य. रिंगा मात्र डब्यातून काढून तशाच घालू नका, एकेक लायनरमध्ये सरळ ढकलून फिलर गेजने फट बघा. अंदाज सोपा आहे, बोअरच्या दर इंचाला 3-4 थाऊ, म्हणजे इथे 10 ते 13. माझ्या दोन रिंगा 6 थाऊवर होत्या, तशा घातल्या असत्या तर गरम होऊन टोकाला टोक भिडलं असतं आणि लायनरवर ओरखडे. बारीक कानशीने घासून घेतल्या. नवीन लायनर साबण-गरम पाण्याने धुवायचे, पेट्रोलने नाही, पेट्रोलने होनिंगची पूड निघत नाही. पांढऱ्या फडक्याला काळं लागायचं थांबेपर्यंत पुसायचं आणि लगेच ऑईल लावायचं, नाहीतर बघता बघता गंज धरतो.

किटमधली आठच्या आकड्याची गॅस्केट मात्र भिकार. एकाची जाडी दुसऱ्यापेक्षा वेगळी, डायल गेज लावला तर दोन लायनर 4 थाऊ वर आणि दोन जेमतेम 1. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे हेड आवळल्यावर बसतात आपोआप. नाही बसत हो. तांब्याची वेगळी घेतली तेव्हा चारही साडेतीन-चारवर आले. त्याआधी ब्लॉकमधली खालची बैठक साफ करण्यात माझे दोन पूर्ण दिवस गेले, साठ-सत्तर वर्षांचा खार आणि गंज दगडासारखा धरलेला, आणि तिथे कणभर काही राहिलं की सगळं माप चुकलं. खरं काम हेच आहे, लायनर घालणं अर्ध्या तासाचं.

आणि माझा गाढवपणा पण लिहितो. चारही बसवले, मापं घेतली, पिस्टन घातले, आणि हेड नसतानाच क्रँक फिरतोय का बघायला हँडल मारला. रिंगांनी लायनर वर उचलला, गॅस्केट सरकलं, परत सगळं खोल! हेड नसेल तर लायनर पकडूनच ठेवायचे, हेडच्या स्टडवर पाइपचा तुकडा, मोठा वॉशर आणि नट, बास. दुसऱ्यांदा बसवल्यावर खालचं चेंबर लावायच्या आधी लायनर तसेच दाबून ठेवून पाण्याच्या पोकळीत पाणी भरलं आणि रात्रभर खाली कागद पसरून ठेवला. सकाळी कोरडा. त्या रात्री झोप काही नीट लागली नव्हती.

अजून एक, या ट्रॅक्टरला चेसी नाही, इंजिनच कणा आहे, ते काढलं की ट्रॅक्टरचे दोन तुकडे होतात. दोन्हीकडे भक्कम टेकू द्या, नुसत्या जॅकवर विसंबू नका.

चालू केल्यावर साधं 30 नंबरचं मिनरल ऑईल, आणि आयडलला घुरघुरत न ठेवता लगेच हलका लोड दिला. नुसतं आयडलवर ठेवलं की रिंगा बसत नाहीत, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑईल खातच राहतो. थोडे तास झाल्यावर हेड परत आवळलं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघितले.

आजची स्थिती: कॉम्प्रेशन चारही 100 ते 105, ऑईल स्वच्छ, रेडिएटरमध्ये एकदाही पाणी टाकावं लागलं नाही (साधं पाणी नाही, कूलंट भरलंय, लायनर बाहेरून गंजतात म्हणून). आधी दर आठ-दहा तासांना अर्धा लिटर ऑईल लागायचं, आता दोन बदलींच्या मधे वरून टाकावं लागत नाही. चढावर ट्रॉली ओढताना गिअर बदलायची सवयच मोडली.

एक खंत आहे. हेड खोललेलं असताना व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) हलत होते ते दिसलं होतं, पण वैतागलो होतो म्हणून तसेच ठेवले. आता रिंगा घट्ट झाल्यामुळे ओढ वाढली आणि उतारावर थ्रॉटल सोडला की गाइडमधून ऑईल खेचतं, परत गॅस दिला की निळा भपका येतो. गाइड मागवलेत. हेड परत काढायचंय, यावेळी पाइपचे तुकडे आधी शोधून ठेवलेत.