पोलिसाविरुद्ध तक्रार कुठे करायची? अधीक्षक, प्राधिकरण, मानवी हक्क आयोग, एसीबी की कोर्ट

पोलिसाने मारहाण केली, पैसे मागितले, तक्रार घ्यायला नकार दिला किंवा रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं, की बहुतेक लोक एकच अर्ज टाइप करतात आणि मुख्यमंत्र्यांपासून पोलीस आयुक्तांपर्यंत सगळ्यांना ‘प्रत माहितीस्तव’ पाठवतात. काही महिन्यांनी कळतं की प्रत्येक कार्यालयाने तो ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ खाली पाठवला आणि फिरत फिरत तो त्याच ठाण्यात येऊन पडलाय. महाराष्ट्रात यासाठी निदान पाच दारं आहेत. प्रत्येकाचा अधिकार वेगळा, मुदत वेगळी, हाती लागणारी गोष्टही वेगळी. म्हणून आधी स्वतःशी ठरवा: त्या पोलिसाच्या नोकरीवर कारवाई हवी, त्याच्यावर गुन्हा दाखल होऊन शिक्षा हवी, की झालेल्या नुकसानाची भरपाई हवी? एका अर्जात तिन्ही मागितलं तर बहुधा एकही मिळत नाही.

आधी हे पाहा: वर्दीतलं काम की खाजगी वागणूक

हवालदार घरी बायकोला मारतो, दारू पिऊन गाडीने कुणाला उडवतो, शेजाऱ्याचा बांध कोरतो. हे त्याचं सरकारी काम नाही. इथे त्याच्यावर तुमच्या-आमच्यासारखाच गुन्हा दाखल होतो आणि खटल्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ चं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १९७) संरक्षण फक्त कर्तव्याशी जोडलेल्या कृत्यांना आहे. तो ज्या ठाण्यात नेमणुकीला आहे तिथेच फिर्याद द्यायचा धीर होत नसेल तर दुसऱ्या कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर (घटना त्या ठाण्याच्या हद्दीत घडलेली नसली तरी नोंदवली जाणारी फिर्याद) देता येतो. कलम १७३ मध्ये आता तसं स्पष्ट लिहिलंय. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. सोबत एक प्रत पोलीस अधीक्षकांना द्या, कारण खाजगी आयुष्यातल्या गैरवर्तनाबद्दलही खातं त्याला जाब विचारू शकतं.

कृत्य वर्दीच्या जोरावर झालं असेल तर मात्र कॅलेंडर समोर ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ नुसार, कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. त्यानंतरही घटनेपासून दोन वर्षांपर्यंत खटला भरता येतो, पण राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीनेच. कोठडीतली मारहाण हे कर्तव्य कसं म्हणायचं, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद झालेत. त्या वादात अडकण्यापेक्षा सहा महिन्यांची मुदत पाळलेली बरी. चौकशी चालू आहे, निकाल येऊ द्या, मग कोर्टात जाऊ, असं म्हणत थांबलेल्या माणसाचा हक्क या एका कलमाने जातो. लोकांना या कलमाची खबरही नसते, याची मला मनापासून चीड येते.

खात्याचं दार

अधीक्षक किंवा आयुक्तांकडे अर्ज देणं सोपं, बिनखर्ची आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीसाठी गरजेचं. अर्ज बहुधा उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे किंवा सहायक आयुक्ताकडे प्राथमिक चौकशीला जातो, तुमचा जबाब होतो आणि वर अहवाल जातो. उद्धट बोलणं, पासपोर्ट पडताळणीत अडवणूक, अर्जाची पोच न देणं, तपासात चालढकल अशा गोष्टींसाठी हेच दार पुरेसं आहे. अधिकारी मनावर घेणारा असेल तर आठवड्यात फरक पडतो.

गंभीर प्रकारात मात्र फक्त यावर विसंबू नका. निलंबनाला लोक शिक्षा समजतात. ती चौकशीपुरती तात्पुरती व्यवस्था असते. ‘नियंत्रण कक्षाला संलग्न’ ही तर निव्वळ बदली. ख्वाजा युनूस कोठडी मृत्यू प्रकरणात पोलीस अधिकारी सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले आणि जून २०२० मध्ये, खटला निकाली निघालेला नसताना, पुन्हा सेवेत आले. मे २०२१ मध्ये त्यांना बडतर्फ केलं ते वेगळ्याच प्रकरणात, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ खाली. म्हणजे खात्याने ठरवलं तर चौकशीशिवायही माणसाला घरी पाठवू शकतं. ते ठरवणं तुमच्या हातात नसतं. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चिमुरड्यांच्या प्रकरणात तक्रार घ्यायला दिरंगाई झाली, आणि लोक रेल्वे रुळांवर उतरल्यावर तिघा पोलिसांचं निलंबन जाहीर झालं. एकट्यादुकट्या तक्रारदाराच्या मागे असा जमाव नसतो.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह खटल्यात प्रत्येक राज्याला असं प्राधिकरण नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून ते आणलं. अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. विभागीय पातळीवरच्या प्राधिकरणांचीही तरतूद कायद्यात आहे.

इथे काय चालतं? कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, प्रक्रिया डावलून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, आणि अधिकाराचा गंभीर दुरुपयोग. साहेब नीट बोलले नाहीत, ही तक्रार इथे आणू नका. पीडित व्यक्ती, कुटुंबातलं कुणी किंवा तिच्या वतीने दुसरं कुणी तक्रार देऊ शकतं. अर्जासोबत शपथपत्र आणि कागदपत्रांची तयारी ठेवा.

या दाराची ताकद म्हणजे अधिकाऱ्याला समोर यावं लागतं, ठाण्याच्या नोंदी मागवल्या जातात, आणि चौकशी त्याच्या सहकाऱ्याच्या हातात नसते. उणीव तितकीच मोठी. प्राधिकरणाच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असं सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं होतं. आपल्या कायद्याने मात्र अपवादात्मक स्थितीत लेखी कारणं देऊन अहवाल नाकारायची मुभा सरकारला ठेवली. अहवाल स्वीकारला गेला तर त्यावरून विभागीय कारवाई किंवा गुन्हा दाखल होण्याचा रस्ता मोकळा होतो. माझ्या मते बेकायदा अटक आणि जमिनीच्या प्रकरणात पोलिसांनी केलेली दमदाटी, या दोन बाबतींत हे दार सर्वांत उपयोगी आहे, कारण अशा गोष्टी खात्याच्या चौकशीत ‘गैरसमजातून’ म्हणून गुंडाळल्या जातात आणि कोर्टात पुरावा उभा करायला तुमच्याकडे कागद नसतात. इथल्या चौकशीत ते कागद बाहेर येतात.

मानवी हक्क आयोग

भरपाई हवी असेल आणि वकील परवडत नसेल तर इथे या. साध्या मराठी अर्जावर काम होतं, फी नाही, कार्यालय मुंबईत सीएसएमटीसमोर. घटनेपासून एक वर्षाच्या आत या, त्यानंतर कायद्यानेच आयोगाचे हात बांधलेले आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडे आणि मुंबईच्या राज्य आयोगाकडे एकाच वेळी अर्ज टाकू नका. एकीकडे प्रकरण चालू असेल तर दुसरीकडे ते घेतलं जात नाही. कोर्टात दावा चालू असल्याचं कारण देऊनही अर्ज निकाली निघू शकतो. आयोग साक्षीदार बोलावतो, अहवाल मागवतो आणि शेवटी शिफारस करतो. शिक्षा देण्याचा अधिकार त्याला नाही.

लाच मागितली असेल तर

इथे तुलना करत बसू नका, सरळ एसीबी, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. टोल-फ्री क्रमांक १०६४. मात्र पैसे देण्याआधी जा. तक्रार लिहून घेतल्यावर आधी पडताळणी होते: तुमच्याजवळ रेकॉर्डर देतात, तुम्ही त्या पोलिसाशी बोलता, तो पंचासमोर मागणी करतो का ते पाहतात. ‘तडजोडीअंती इतके ठरले’ हे बातमीतलं वाक्य तिथूनच येतं. मग नोटांना अँथ्रासीन पावडर लावतात, ती साध्या उजेडात दिसत नाही. पैसे स्वीकारल्यावर तुम्ही ठरलेला इशारा करता, आणि अतिनील दिव्याखाली त्याच्या बोटांवर, खिशावर ती चमकते. पंच सरकारी कर्मचारी असतात. नोटांना हात कसा लावायचा, मागितल्याशिवाय पैसे पुढे करायचे नाहीत, हे तुम्हाला समजावून सांगतात. ते अक्षरशः पाळा, कारण खटला ‘मागणी’ सिद्ध होण्यावर उभा असतो.

जबरदस्तीने आधीच पैसे द्यावे लागले असतील तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनुसार सात दिवसांत कळवलं तर देणाऱ्यावर बालंट येत नाही. आठव्या दिवशी ते संरक्षण नाही.

कोर्ट

शिक्षा हवी असेल तर शेवटी इथेच यावं लागतं. ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर तोच मजकूर अधीक्षकांना स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा, आणि मग शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज करा. अधीक्षकांची पायरी गाळली तर अर्ज तिथेच अडतो. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल कलम १७५(४) मध्ये नवी अट आहे: वरिष्ठांचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचं म्हणणं पाहून मगच तपासाचा आदेश. हे कलम मला खटकतं. तक्रारीची कुणकुण आधीच लागली की ठाण्याच्या नोंदी ‘नीट’ करून ठेवायला वेळ मिळतो. म्हणून कोर्टात जाण्याआधीच पुरावा हातात घ्या.

खटल्याच्या परवानगीबाबत एक चांगला बदल झाला. सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. लैंगिक गुन्हे आणि महिलांवरच्या ठरावीक गुन्ह्यांची फिर्याद न घेणं यासाठी तर परवानगीच लागत नाही. अशी फिर्याद नाकारणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ठाण्यात हे कलम नुसतं तोंडी सांगितलं तरी कधी कधी काम होतं.

कोठडीत मृत्यू झाला असेल तर खालच्या पायऱ्यांत न अडकता उच्च न्यायालयात रिट करा. परभणीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. त्यांच्या आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. ४ जुलै २०२५ ला खंडपीठाने आठवड्यात गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही ३० जुलैला आदेश कायम राहिला. मारहाण झाली नसल्याचं विधानसभेत सांगितलं गेलं होतं, तरी हे झालं. आईने माघार घेतली नाही आणि दंडाधिकारीय चौकशीचा अहवाल उपलब्ध होता, म्हणून झालं.

पुरावा त्याच दिवशी

दार कोणतंही निवडा, निकाल पहिल्या काही तासांतल्या कागदांवर ठरतो. ११ नोव्हेंबर २००६ ला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीतून उचललं. त्याच्या वकील भावाने त्याच दुपारी वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले. संध्याकाळी वर्सोव्यात ‘चकमक’ झाल्याचं सांगण्यात आलं, तेव्हा अपहरणाची तक्रार आधीच कागदावर होती. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी धरलं, पोलीस अधिकारी प्रदीप शर्मांना सोडलं; १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाने त्यांनाही जन्मठेप दिली, आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. आज तारेच्या जागी ईमेल आणि ११२ वरचा कॉल आहे. कुणाला उचलून नेलं की लगेच करा, वेळ नोंदली जाते.

मारहाण झाली असेल तर सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना कुणी मारलं ते सांगा. ‘पडलो’ असं लिहिलं गेलं तर पुढे ते पुसता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तिथे निदान एक वर्ष ठेवायचंय. ठरावीक तारीख आणि वेळ लिहून ते जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या, सोबत माहिती अधिकाराचा अर्जही. नंतर ‘कॅमेरा नादुरुस्त होता’ असं उत्तर आलं, तर तेही लेखी स्वरूपात तुमच्या कामाचं आहे.

अटकेतल्या माणसाला रिमांडसाठी हजर करतात तेव्हा दंडाधिकारी विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” शेजारी तेच पोलीस उभे असतात, रात्री पुन्हा त्यांच्याच ताब्यात जायचं असतं, म्हणून माणूस “नाही साहेब” म्हणतो आणि ते नोंदलं जातं. नातेवाइकांनी वकिलाकरवी आधीच निरोप पोहोचवावा: जखम दाखवायची आणि वैद्यकीय तपासणी मागायची. तक्रार नोंदली गेली की पुढची कोठडीही न्यायालयाच्या नजरेखाली जाते.

आणि हिशोबात धरायची एक गोष्ट. पोलिसाविरुद्ध तक्रार झाली की ‘सरकारी कामात अडथळा’ (आता न्याय संहितेचं कलम १३२, जुन्या दंड संहितेचं ३५३) असा उलटा गुन्हा लावण्याची धमकी येते, कधी तो लागतोही. ठाण्यात एकटे जाऊ नका, आवाज चढवू नका, हात तर अजिबात उचलू नका, आणि धमकी आली तर तिची तारीख-वेळ लिहून दुसऱ्याच दिवशी पुरवणी अर्जात घाला. वकिलाकडून अटकपूर्व जामिनाची तयारी करून ठेवा. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो; त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.