कोलोकोत्रोनिसचा अथेन्समधला पुतळा: सकाळी पाहा आणि चौथरा सोडू नका

सिंताग्मा मेट्रो स्थानकातून बाहेर पडून स्तादिऊ रस्त्याने ओमोनियाकडे निघालात, की पाचेक मिनिटांत डाव्या हाताला जुनी संसद लागते. तिच्यासमोर ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी थिओडोरोस कोलोकोत्रोनिस घोड्यावर बसलेला दिसतो. तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही.

वेळ मात्र नीट निवडा. इमारतीचे तोंड ईशान्येला आहे. दुपारनंतर सूर्य तिच्यामागे जातो आणि रस्त्यावरून काढलेल्या फोटोत ब्राँझ नुसते काळे येते. सकाळी दहाच्या आत चेहऱ्यावर, मिशांवर छान उजेड असतो.

शिल्पकार लाझारोस सोखोस. काम पॅरिसमध्ये झाले, १९०४ साली पुतळा अथेन्समध्ये उभा राहिला आणि १९५४ मध्ये आजच्या जागी आला. पुढे केलेला हात सगळेच पाहतात. खरी मेहनत चौथऱ्यावरच्या उठावशिल्पांत आहे. एकात पेलोपोनीसची (दक्षिण ग्रीसमधला द्वीपकल्प) सभा, दुसऱ्यात १८२२ ची देर्वेनाकियाची लढाई. आपण ज्याला गनिमी कावा म्हणतो, तोच हा. आर्गोसच्या मैदानातली पिके आधीच जाळून टाकलेली, त्यामुळे सेनापती द्रामालीच्या उस्मानी (ऑटोमन तुर्की) फौजेला दाणापाणी मिळेना. ती कोरिंथकडे मागे फिरली आणि अरुंद खिंडीत सापडली. हे ठाऊक असेल तर ते शिल्प बोलू लागते.

चौथऱ्यावरचा लेख जुन्या, ग्रांथिक ग्रीकमध्ये आहे. फोनवरच्या भाषांतरावर विसंबू नका. आशय असा: शूर सेनापती, घोड्यावरून युगानुयुगे पुढे जात राहा, गुलाम स्वतंत्र कसे होतात हे लोकांना शिकवत. इंग्रजी माहितीफलक हवाच होता; त्याशिवाय बहुतेक पर्यटक दोन मिनिटांत निघून जातात.

तुऱ्याचे शिरस्त्राण पाहून अनेकांना ते प्राचीन ग्रीक वाटते. तसे नाही. झाकिंथोस बेटावर ब्रिटिशांच्या ग्रीक पलटणीत कोलोकोत्रोनिस मेजर होता, त्या काळाशी त्याचे नाते आहे. मूळ शिरस्त्राण मागच्याच इमारतीत, राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात ठेवले आहे. आधी ते पाहून मग बाहेर या, म्हणजे सोखोसने किती बारकाईने पाहिले होते ते कळेल. सोमवारी संग्रहालय बंद असते, तो दिवस टाळा.

नाफ्प्लिओ या गावी जाणार असाल तर सोखोसनेच घडवलेला, १९०१ साली बसवलेला कोलोकोत्रोनिसचा पुतळा तिथल्या बागेत आहे. गर्दी कमी, चहूबाजूंनी फिरून पाहता येतो. याच गावात १८३४ मध्ये कोलोकोत्रोनिसला मृत्युदंड सुनावला गेला होता. पुढे माफी मिळाली.