घोड्यांच्या सहवासातील मानसोपचार: पुण्याजवळच्या एका केंद्रातील काही महिन्यांनंतरचे मत

मी पुण्यात वकिली करते आणि माझी बहुतेक प्रकरणे शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात चालतात. चिंताविकाराचे निदान झाल्यावर मानसोपचारतज्ज्ञांची औषधे आणि समुपदेशन दोन्ही सुरू होते. समुपदेशन एका जागी अडकले आहे असे लक्षात आल्यावर माझ्या मानसशास्त्रज्ञ बाईंनीच मला पिरंगुटच्या पुढे असलेल्या एका केंद्रात जाण्याचे सुचवले. तेथे घोड्यांच्या सहवासात सत्रे घेतली जातात आणि या बाई स्वतः आठवड्यातील काही दिवस तेथे काम करतात. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी मी सुरुवात केली, पावसाळ्यात खंड पडला, दिवाळीनंतर पुन्हा नियमित जाऊ लागले, आणि आता दुसरा उन्हाळा आला आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि मला केंद्रापेक्षा या पद्धतीबद्दल अधिक सांगायचे आहे.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. घोडा आणि उपचार हे दोन शब्द एकत्र आले की तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात. पहिलीत फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट घोड्याच्या चालीचा उपयोग रुग्णाच्या शरीरासाठी करतात. घोडा चालताना स्वाराच्या कंबरेला जी हालचाल मिळते ती माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी बरीच जुळते, म्हणून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ही पद्धत वापरली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे अपंगत्व असलेल्या व्यक्तींना घोडेस्वारी शिकवणे. तिसरी मानसोपचाराची, आणि मी जे घेतले ते हेच. यात मी एकदाही घोड्यावर बसलेले नाही. माहितीपत्रकांत अनेकदा डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे उदाहरण दिलेले असते. १९४४ मध्ये त्यांना पोलिओ झाला, गुडघ्यांखाली पायांत बळ राहिले नाही, घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागे, आणि तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोड्याकडून शिस्तबद्ध हालचाली करून घेण्याच्या ड्रेसाज या प्रकारात रौप्यपदक मिळवले. उदाहरण थोर आहे, परंतु ते पहिल्या दोन गोष्टींचे आहे. माझ्या छातीतील धडधडीशी त्याचा संबंध जोडणे म्हणजे एका खटल्यातील साक्षीदार दुसऱ्या खटल्यात उभा करणे होय.

सत्र साधारण सव्वा तासाचे असते. सुरुवातीला आंब्याखाली बसून, त्या दिवशी शरीरात कोठे काय जाणवते आहे एवढेच बोलायचे. मग कुंपणाच्या आत जायचे. तेथे मानसशास्त्रज्ञ बाई असतात, घोड्यांची जबाबदारी असलेले मोतद्दार असतात आणि एक किंवा दोन घोडे असतात. काम दिसायला किरकोळ असते: घोड्याजवळ जाणे, त्याला म्होरकी चढवणे, खरारा करणे, दोर धरून ठरलेल्या वाटेने चालवणे, पुढे दोर सोडून तो आपल्याबरोबर येतो का ते पाहणे, आणि कधी काहीच न करता नुसते उभे राहणे. शेवटची वीस मिनिटे पुन्हा आंब्याखाली, आणि माझ्या मते खरा उपचार तेथे होतो.

मला याचा उपयोग का झाला हे सांगायचे तर माझ्या व्यवसायाकडे यावे लागेल. समुपदेशनाच्या खोलीत मी उत्तम बोलत असे. आपल्या चिंतेची कारणे, बालपण, वडिलांचा स्वभाव, अशिलांचा ताण, सगळे मी मुद्देसूद मांडत असे, आणि बाईंनी एखादा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर माझ्याकडे आधीच तयार असे. इतके बोलून झाल्यावरही, सुनावणीच्या आदल्या रात्री छाती आवळून यायची ती यायचीच. ज्यांची भाकरी शब्दांवर चालते अशा वकील, प्राध्यापक, पत्रकार मंडळींना हे ओळखीचे वाटेल. बोलणे हेच आमचे लपण्याचे ठिकाण असते. घोड्यापुढे युक्तिवाद चालत नाही.

येथे लगेच ‘घोडा तुमचे मन वाचतो’ असे वाक्य येण्याची शक्यता असते, आणि त्या केंद्रातील एक स्वयंसेवक ते वारंवार म्हणतात. मला ते पटत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. उत्तराच्या आकड्याइतक्या वेळा तो खूर आपटत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये काळजीपूर्वक तपासून दाखवले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचे गणित चुकते. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या मानेत, चेहऱ्यात अगदी बारीक बदल होत असे, त्याला स्वतःला त्याची जाणीवही नसे, आणि घोडा तेवढे पाहून थांबत असे. हान्सची ही गोष्ट बहुधा फजिती म्हणून सांगितली जाते, पण या उपचारामागचे सर्वांत पटण्याजोगे कारण मला त्यातच दिसते. घोड्याला मन कळत नाही. जे आपल्याला न कळत आपले शरीर दाखवत असते ते त्याला दिसते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासातही २८ घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा रागावलेल्या चेहऱ्यांकडे ते अधिक करून डाव्या डोळ्याने पाहत होते आणि त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने चढत होते. सतत सावध राहून जगणाऱ्या प्राण्याला हे कौशल्य असणे स्वाभाविक आहे.

आता प्रत्यक्ष काय घडते ते. मला नेमून दिलेला घोडा शर्यतींतून निवृत्त झालेला थरोब्रेड आहे. त्याचे शर्यतीतील इंग्रजी नाव एवढे लांबलचक आहे की मोतद्दार मामा त्याला नुसते ‘भाऊ’ म्हणतात. सुरुवातीच्या एका सत्रात त्याला कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचे होते आणि तो जागचा हलेना. मी त्याच्याकडे वळले, दोर ताणला आणि चक्क त्याला समजावू लागले. मामा दुरून म्हणाले, “ताई, तुम्ही त्याच्या तोंडासमोर उभ्या. जनावर जाणार कुठं?” त्यांचे म्हणणे अगदी व्यवहाराचे होते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळपास सगळीकडचे दिसते, पण कपाळाच्या अगदी पुढचा भाग दिसत नाही; समोर तोंड करून उभा असलेला माणूस ही त्याच्या दृष्टीने थांबण्याची खूण असते. मी त्याच्या खांद्याशेजारी आले, जायच्या दिशेला पाहिले, दोर सैल सोडला आणि तो चालू लागला. यात चमत्कार काही नव्हता. नंतर आंब्याखाली बाईंनी एकच प्रश्न विचारला: “समोर उभे राहून ओढायचे, हे आणखी कोठे होते?” त्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. माझा मुलगा, माझे कनिष्ठ वकील, माझी आई, सगळ्यांसमोर मी नेमकी कशी उभी राहते ते मला त्या क्षणी खांद्यांत आणि मुठीत जाणवले, आणि त्यानंतरचे काही आठवडे आम्ही त्यावरच काम केले.

या प्रसंगात मामांचे वाक्य आणि बाईंचा प्रश्न दोन्ही लागले, हे मला महत्त्वाचे वाटते. केवळ मामा असते तर मी घोडा चालवायला शिकले असते. केवळ बाई असत्या तर मी पुन्हा एक चांगले भाषण केले असते. मानसोपचाराचा जाणकार आणि घोड्याचा जाणकार अशा दोघांनी मिळून, जमिनीवर राहूनच सत्र घ्यायचे, ही रचना अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या इगाला या संस्थेने रूढ केली, आणि अनुभवाअंती मला वाटते की या दोघांपैकी एकाला वगळून केलेले सत्र घेऊ नये. माझ्या वाट्याला असे एक सत्र आले. बाई रजेवर होत्या आणि केंद्राने सत्र रद्द न करता स्वयंसेवकाबरोबर उरकले. घोड्याला खरारा केला, छान वाटले, घरी आले. पैसे मात्र पूर्ण घेतले गेले.

भाऊ बिथरण्याचा प्रसंगही सांगण्यासारखा आहे. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालते. एकदा जेसीबीचे खोरे जमिनीवर आदळले तसा भाऊ उसळून बाजूला झाला, मान ताठ, कान आवाजाकडे, नाकपुड्या फुललेल्या. मामांनी मला दोर सोडून बाजूला व्हायला सांगितले. माझी स्वतःची छाती नेहमीसारखी आवळली होती. काही वेळाने भाऊने दीर्घ श्वास सोडला, मान खाली घातली आणि तो गवत खाऊ लागला. जेसीबी तेथेच होता आणि आवाजही चालूच होता. माझी छाती मात्र त्यानंतर बराच वेळ तशीच होती, आणि आम्ही त्या अंतराबद्दल बोललो. भीती वाटण्यात दोष नाही, ती संपल्यावरही मी पहारा चालूच ठेवते, हे मी पूर्वी पुस्तकात वाचले होते, पण शेजारी दुसऱ्याचे शरीर शांत होताना पाहून ते पहिल्यांदा मोजता आले. पुढे श्वास लांबवण्याचा आणि नजर जमिनीवर आणण्याचा सराव मी तेथे केला, आणि आता न्यायालयात पुकारा होण्यापूर्वी व्हरांड्यात करते.

परिणामांबाबत मी जपून बोलेन. धडधडीचे झटके स्पष्टपणे कमी झाले आहेत. परंतु याच काळात माझ्या औषधाची मात्राही बदलली होती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे हे मी ठरवू शकत नाही. झोपेवर या सत्रांचा काडीमात्र परिणाम झाला नाही. ती औषधाने आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवल्याने सुधारली. निश्चितपणे बदलली ती समुपदेशनाची प्रत. खोलीतील सत्रांतही मी आता मध्येच थांबते.

संशोधनाचा पुरावाही असाच संमिश्र आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात तोवरचे १४ अभ्यास तपासले गेले आणि मानसिक विकारांवर ही पद्धत उपयोगी आहे असे म्हणण्याइतका भक्कम आधार नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने आघातोत्तर तणावविकार (पीटीएसडी) असलेल्या ६३ माजी सैनिकांना दर आठवड्याला एक अशी आठ सत्रे दिली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून थोड्या अधिक जणांत लक्षणीय सुधारणा दिसली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. वकिलाच्या नजरेने पाहिले तर हा पुरावा दखल घेण्याजोगा आहे, निकाल देण्याजोगा नाही. म्हणूनच ज्या केंद्रात औषधे सोडण्याचा सल्ला दिला जातो तेथून सरळ परत फिरावे.

आता गैरसोयी. कोथरूडहून जायचे तर चांदणी चौक आणि पुढे भूगाव हे दोन अडथळे आहेत. सकाळी लवकर निघाले तर ठीक, नाहीतर सत्रात मिळवलेली शांतता परतीच्या वाटेवरच खर्च होते. मुळशीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये मैदान चिखलमय होते, घोड्यांच्या खुरांना ओल बाधते आणि सत्रे ऐनवेळी रद्द होतात. नियमितपणा हा ज्या उपचाराचा कणा आहे त्याला दोन महिन्यांची सुट्टी परवडत नाही, आणि छताखालची जागा करण्याचे आश्वासन अजून आश्वासनच आहे. रविवारी तेथे कंपन्यांच्या सहली येतात आणि स्पीकर लागतो, त्यामुळे मी आठवड्यातील मधलेच दिवस घेते. शुल्क शहरातील एका समुपदेशन सत्राच्या दुपटीहून अधिक आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच वागवायचे आहे. पण माझ्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चच बसत नसल्याने त्या कलमाचा येथे मला उपयोग झाला नाही.

घोड्यांची स्थिती मी मुद्दाम पाहत आले आहे. भाऊला दिवसात दोनांहून अधिक सत्रे देत नाहीत, आणि तो कान मागे पाडून शेपटी झटकू लागला की मामा सत्र थांबवतात, समोर कोणी का असेना. भीमथडी जातीची एक लहानखुरी घोडी तेथे आहे. ती स्वभावाने शांत असल्याने सगळे तिलाच मागतात, आणि ती हिवाळ्यात थकलेली दिसत होती. मी ते बोलून दाखवले, तेव्हा तिचे दिवस कमी केले गेले, ही केंद्राच्या बाजूची नोंद.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी प्रथम आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे. जीव नकोसा वाटण्याइतकी अवस्था असेल तर घोड्यांकडे जाण्याआधी डॉक्टरांकडे जावे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते. केंद्रात सत्र घेणारी व्यक्ती चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. परदेशी संस्थेचे अश्वप्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ही त्याची जागा घेऊ शकत नाही. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण त्याचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात. दमा किंवा केसांची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे. चपला चालत नाहीत, बंद बूट लागतात. घोड्याची भीती वाटते म्हणून मात्र कोणी मागे राहू नये. तेथे येणारे एक निवृत्त शिक्षक अजूनही कुंपणाबाहेरूनच सत्र घेतात आणि बाईंना त्यात काहीही वावगे वाटत नाही.

मी स्वतः आता महिन्यातून एकदा तेथे जाते आणि बाकीची सत्रे शहरातच घेते. खर्चाच्या मानाने मला हे प्रमाण योग्य वाटते. पाऊस सुरू झाला की पैसे आगाऊ भरणार नाही, हे केंद्राला लेखी कळवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे.