गाडीचं इंजिन घरीच धुतो: फवारणी पंपाचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आधी गाडी धुवायला नेली आणि झटके खात घरी आणली. भुसावळमधल्या एका वॉशिंग सेंटरवर मीच म्हणालो होतो, बॉनेट उघडून इंजिनवरही पाणी मारा, फार कळकट झालंय. पोराने प्रेशरची गन थेट इंजिनवर धरली, वरून डिझेलचा फवारा मारला आणि इंजिन आरशासारखं चमकायला लागलं. तापीचा पूल ओलांडेपर्यंत गाडी मिसिंग करायला लागली, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइल उपसून प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारला. तो पारोळ्याकडचा, बोलणं सगळं अहिराणीत. म्हणाला, "आठे पानी शिरी गयं, भाऊ." चारपैकी दोन प्लग पाण्यात उभे होते. हवा मारून, कॉइल वाळवून गाडी सुरू झाली, पण त्यातली एक कॉइल महिनाभरात गेलीच. आणि त्या डिझेलवर आठ दिवसांत एवढी धूळ बसली की आधीचं इंजिन बरं म्हणायची पाळी आली. डिझेलने रबराचे पाइप फुगतात आणि मऊ पडतात, तापलेल्या इंजिनवर ते मारणं म्हणजे आगीलाही बोलावणं, हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं.

तेव्हापासून इंजिन मी घरीच साफ करतो. नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांत मोठी धुलाई चार वेळा केली, मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी नुसता कोरडा ब्रश. गाडी पेट्रोलची, दहा वर्षं जुनी. रोज फैजपूर ते भुसावळ जाणं-येणं. आमच्या भागातली काळी माती कोरडी असताना पिठासारखी उडते आणि जरा ओल किंवा तेल मिळालं की डिंकासारखी धरून बसते. शिवाय केळीच्या मळ्यांतून जाणारे कच्चे रस्ते, कापसाच्या दिवसांत हवेत तरंगणारी रुई, फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ. हे सगळं शेवटी बॉनेटखाली येऊन साठतं.

मुख्य खरेदी एकच, पाठीवरचा बॅटरीवर चालणारा फवारणी पंप. 16 लिटरची टाकी, 12 व्होल्टची बॅटरी. शेतीच्या सामानाच्या दुकानातून नवाच घेतला. वॉशिंग सेंटरच्या मशीनचा जोर सहज शंभर बारच्या आसपास असतो. हा पंप त्याच्यापुढे काहीच नाही, आणि इंजिनसाठी मला हेच हवं होतं. जोडणीच्या सॉकेटला, कॉइलच्या रबराला रोजचे चार शिंतोडे सोसतात, समोरून घुसणारी धार सोसत नाही. या पंपाच्या नोझलमधून धुक्यासारखा फवारा पडतो, मळ वाहून जातो आणि पाणी कुठे आत ढकललं जात नाही. एका धुलाईला मला चार ते पाच लिटर पाणी पुरतं. मे महिन्यात आमच्याकडे पाण्याची काय ओढ असते ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बाकी सामान घरातलंच. एक इंचाचा रंगाचा ब्रश, बाटली धुवायचा लांब ब्रश, दोन जुने टूथब्रश, मायक्रोफायबरची फडकी, पाण्यात मिसळणारं डिग्रीझर, म्हणजे तेलकट मळ सोडवणारं द्रव, आणि ते मारायला हातातली साधी स्प्रे बाटली. डिग्रीझरबद्दल एक सांगतो. पहिल्या वेळी मी ते थेट पंपात ओतलं. दोन दिवसांनी पंपाच्या मुठीतला वॉशर फुगला आणि ट्रिगर सोडला तरी नळी गळायला लागली. वॉशर बदलून घेतला, तेव्हापासून पंपात फक्त पाणी. डिग्रीझर प्लास्टिकसाठी एका भागाला दहा भाग पाणी, तेलकट लोखंडासाठी एकाला चार. उघड्या ॲल्युमिनियमवर जास्त कडक मारलं की पांढुरके डाग पडतात आणि ते जात नाहीत, माझ्या गाडीच्या एका ब्रॅकेटवर अजून आहेत.

आता जानेवारीतली गोष्ट, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. दुसरी धुलाई करायची म्हणून इंजिनवरचं काळं प्लास्टिकचं कव्हर उचललं. खाली हाताच्या ओंजळीत मावेल एवढं उंदराचं घरटं. शेजारच्या ओट्यावर चांगल्या दराची वाट पाहत कापूस भरून ठेवला होता, त्यातली रुई, बॉनेटच्या आतल्या गादीचे कुरतडलेले तुकडे, शेंगदाण्याची टरफलं, आणि त्यात मधे मधे काळ्या रंगाचे बारीक चुरे. चुरे कशाचे ते कळायला मला मिनिटभर लागलं. इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरींपैकी एकीचं कवच पेरभर सोललेलं होतं, आत तांबं चमकत होतं. त्यावर तसंच पाणी मारलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. गाडी चालवताना काहीही जाणवत नव्हतं, हे लक्षात घ्या. इलेक्ट्रिशियनने डाग देऊन वर स्लीव्ह चढवली, अर्ध्या तासाचं काम.

उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. हातमोजे आणि मास्क घालून आधी जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवायच्या, मग कागदाने उचलायच्या. लेप्टोसारखे आजार उंदराच्या मुतातून पसरतात, त्यामुळे हाताला जखम असेल तर त्या दिवशी हे काम घेऊच नका. आता दर पंधरवड्याला कव्हर उचलून बघतो. धुलाई राहिली तरी चालेल, हे बघणं चुकवत नाही.

धुण्याची माझी पद्धत आता अशी बसली आहे. गाडी आल्यावर निदान तासभर थंड होऊ देतो. हात ठेवला तर कोमट लागावं, चटका बसू नये. तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडलं तर तडा जाण्याची भीती, आणि डिग्रीझर तर लगेच वाळून डाग धरतं. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा संध्याकाळीही पत्रा थंड होत नाही. त्या दिवसांत सकाळी सहाला सुरू करायचं. चावी काढून खिशात, कारण रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो. मग बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढायची, दहाचा पाना पुरतो. पाण्याला लांब ठेवायच्या जागा म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, हवा ओढणारं तोंड, कॉइल आणि इंजिनचा कॉम्प्युटर. यांच्यावर मी धुतलेल्या दुधाच्या पिशव्या रबरबँडने बांधतो. बाजारात यासाठी वेगळी कव्हरं मिळत असतील, दुधाच्या पिशवीने माझं काही अडलेलं नाही.

कोरडी धूळ आणि पानं आधी ब्रशने झाडून काढायची. ही पायरी वगळली की सगळ्याचा चिखल होतो, आणि काळ्या मातीचा चिखल म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. मग डिग्रीझर, खालून वर, थोड्या थोड्या भागावर. चार मिनिटं ब्रश फिरवायचा, वाळायच्या आत फवाऱ्याने धुवायचं आणि पुढच्या भागावर जायचं. खाली जुनी ताडपत्री अंथरतो, तिच्या कडा विटांवर उचललेल्या. तेलाचं पाणी भुशात जिरवून कचऱ्यात देतो. आमच्या अंगणाला लागूनच केळीचं बेणं लावलंय, तिकडे ते जाऊ द्यायचं नाही. शेवटी फडक्याने पुसून, पिशव्या सोडून, बॉनेट उघडं ठेवून तासभर वाळवायचं, बॅटरी जोडायची आणि दहा-पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवायची.

बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरते तिला खायचा सोडा उत्तम. कपभर कोमट पाण्यात चमचाभर, वर टाकला की फसफसतो. बॅटरीची झाकणं बंद आहेत ना ते आधी बघायचं. धुऊन पुसून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यायचा. आठ महिन्यांत माझ्याकडे बुरशी परत धरलेली नाही. प्लास्टिकवर चमक हवी असेल तर पाण्यावर आधारित ड्रेसिंग फडक्याला लावून फिरवा, फवारू नका. फॅनबेल्टवर उडालं तर पट्टा घसरतो. मी दोनदा लावलं, मग सोडून दिलं. नुसतं स्वच्छ काळं प्लास्टिकच मला आवडतं.

मार्चमध्ये या सगळ्याचे पैसे वसूल झाले. धुऊन तीन आठवडे झाले होते आणि टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, खाली, मागच्या बाजूला, एक ओली रेघ दिसली. बोट लावलं, ताजं ऑइल. इंजिन पूर्वीसारखं काळंकुट्ट असतं तर ही रेघ आणखी वर्षभर दिसली नसती. तोवर ऑइल एक्झॉस्टवर ठिबकून धूर निघाला असता. नऊशे रुपयांत पॅकिंग बदललं गेलं.

पुढची बाजू, म्हणजे एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर, इथे घाई करू नका. त्या जाळीच्या पट्ट्या नखानेही वाकतात. माझ्या गाडीत रुई आणि चिलटांचा चक्क थर बसला होता. मऊ ब्रश पट्ट्यांच्या दिशेने वरून खाली, आणि पंपाचा फवारा सरळ समोरून, तिरका नाही. एप्रिलमध्ये एसी मागच्या वर्षीपेक्षा लवकर गार व्हायला लागला. गॅस भरलेला नाही, दुसरं काहीही केलेलं नाही, त्यामुळे श्रेय याचंच.

काचेखालची वायपरची जाळीही विसरू नका. तिथे निंबाची पानं साठून पाणी जायची भोकं बुजतात. गेल्या पावसाळ्यात आईच्या पायाशी पाणी ठिबकायचं, मला वाटायचं दरवाजाचं रबर गेलं. मार्चमध्ये जाळीखालून दोन मुठी कुजलेली पानं निघाली. यंदा जूनच्या पहिल्या जोरदार पावसात पायदान कोरडं राहिलं. आईने स्वतः हात लावून बघितलं.

पंपाच्या तक्रारी अशा. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, त्यामुळे दोन-तीन वेळा वापरला की नोझलच्या भोकात पांढरा खडा धरतो आणि फवारा एका बाजूला पडतो. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं की मोकळं होतं. गाडी वाळल्यावरही तेच पांढरे ठिपके, म्हणून शेवटचा हात आता आरओचं फिल्टरचं पाणी भरून मारतो. पाठीवर घेऊन वाकणं अवघड जातं, त्यापेक्षा पंप स्टुलावर ठेवा. बॅटरी अजून चांगली आहे, पण एरवी पंप पडून असतो, म्हणून महिन्यातून एकदा चार्जिंगला लावतो.

शेजारच्या काकांनी मे महिन्यात केळीवर फवारणी करायला हाच पंप मागितला होता. मी नाही म्हणालो आणि जरा वाईटही वाटलं, कारण त्यांचा पंप बिघडला होता. पण टाकीत एकदा डिग्रीझर गेलेलं आहे. ते कितीही धुतलं तरी पानावर काय करेल याची खात्री देता येत नाही, एवढ्या मेहनतीच्या बागेवर तो प्रयोग नको. उलट तणनाशक मारलेला पंपही गाडीसाठी वापरू नका. तो फवारा आपल्याच हाता-तोंडावर उडतो.

हायब्रिड किंवा बॅटरीवर चालणारी गाडी असेल तर मात्र हे काम घरी करू नका. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की त्यांत मोठा व्होल्टेज असतो. सीएनजीचं किट असेल तर रेग्युलेटरच्या आणि इंजेक्टरच्या जोडण्या जास्तीच्या पिशव्यांनी झाकून घ्या, आणि गॅसचा जरा जरी वास आला तर धुलाई सोडून आधी गाडी दाखवायला न्या.

आठ महिन्यांत खर्च पंपाचे 2,600 रुपये, डिग्रीझर दोन बाटल्या आणि फडकी मिळून साडेनऊशे, वॉशर तीस रुपये. एका मोठ्या धुलाईला अडीच तास जातात, वाळवणं धरून. काकांच्या मुलाची गाडी सीएनजीची आहे, त्याच्या बॉनेटखालीही काल रुई दिसली. येत्या रविवारी ती आमच्या अंगणात येणार आहे. काकूंना दुधाच्या पिशव्या जमवून ठेवायला सांगितल्या आहेत.