टॅलिस घ्यावा की इंडियन ॲटलस?

सोलापुरातल्या घरात एकोणिसाव्या शतकातला अस्सल नकाशा लावायचा, तर माझ्या मते निवड दोघांतच आहे. एक, जॉन टॅलिसच्या १८५१ सालच्या सचित्र ॲटलसचं सुटं पान. दुसरा, इंडियन ॲटलसचा, म्हणजे इंग्रजांनी मोजणी करून काढलेल्या हिंदुस्थानच्या नकाशामालेचा, एखादा ताव.

टॅलिस देखणा आहे, यात वादच नाही. जॉन रॅपकिनचे पोलादावर कोरलेले नकाशे, भोवती वेलबुट्टीची चौकट, मोकळ्या जागेत माणसांची-इमारतींची चित्रं, हद्दींवर हाताने फिरवलेला रंग. पोलाद तांब्याहून कठीण, म्हणून रेषा केसासारखी बारीक येते आणि प्रती कितीही काढल्या तरी लवकर झिजत नाही. पण अख्ख्या हिंदुस्थानच्या पानावर आपलं गाव म्हणजे जेमतेम एक ठिपका!

इंडियन ॲटलस पहिल्या नजरेत रुक्ष वाटतो. पाया इंग्रज अधिकारी लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासकडे सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा (हा गृहस्थ काम करता करता १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला). १८२७ पासून लंडनमध्ये जॉन वॉकरकडे ॲटलसचे ताव तांब्यावर कोरले जाऊ लागले, इंचाला चार मैल या मापाने. इतक्या मापात ओढे आणि खेडीही बसतात. डोंगर दाखवायला उताराच्या दिशेने ओढलेल्या बारीक रेघा. चढ जितका खडा तितक्या त्या दाट. त्यामुळे माळ कोरा दिसतो नि घाट काळपट.

तळाशी छापलेल्या सालावर मात्र विसंबू नका. तांब्याचा पत्रा मागून ठोकून, घासून पुन्हा कोरता येई. साल जुनंच राही आणि वर नवे रस्ते येत. सोलापूरपर्यंत रेल्वे दिसली, तर प्रत साधारण १८६० नंतरची समजा. धाराशिव-नळदुर्ग इंग्रजी मुलखात दाखवलं असेल, तर माहिती १८५३ ते १८६० मधली, कारण निजामाचा हा मुलूख तेवढाच काळ इंग्रजांकडे होता.

अस्सलपणा तपासायला कापडाचे धागे मोजायचं भिंग पुरतं. ते सोलापुरात कुणाकडेही मिळेल. आजच्या छपाईत रंगाचे ठिपके दिसतात, कोरीव कामात सलग रेघ. पत्र्याच्या दाबाने कडेला पडलेली खाचही बोटाला लागते, मात्र कडा कापलेली असेल तर ती गेलेली असते. शिळाछापात ती नसतेच.

नुसती शोभा हवी असेल तर टॅलिस घ्या. मी इंडियन ॲटलसच घेईन, पण आपल्या भागाचा ताव मिळाला तरच. नाहीतर डेव्हिड रम्झी संग्रहातले जुने नकाशे ऑनलाइन फुकट बघता येतात. टॅलिस घेतलात तर उन्हाची भिंत टाळा, हातचा रंग लवकर उडतो.